वाजणारी फळं

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सुकी फळं आहेत, आणि काजू-बदाम नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दरवर्षी फळ्यावर 'शुष्क फळे' असं लिहिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'मनुका' म्हणतंच. मनुका म्हणजे वाळवलेलं रसाळ फळ, आणि बदाम म्हणजे एका गरवाल्या फळाच्या कोयीतलं बी. सुक्या मेव्याच्या दुकानात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने शुष्क फळ शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. उलट दुकानदाराने कोपऱ्यात पोत्यात ठेवलेली भुईमुगाची शेंग मात्र टरफलासकट अस्सल शुष्क फळ असते. हे सांगितल्यावर पोरं माझ्याकडे अशी बघतात, जणू मीच त्यांना फसवलंय.

अकोल्याच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं हा धडा शिकवते आहे. पुस्तकात त्याची मोठी वंशावळ दिलेली असते आणि पोरं ती घोकतात. मी आधी तीन घरं सांगते. पिकल्यावर आपलं आपण उकलतं ते पहिल्या घरातलं: तूर, मूग, तीळ, जवस, कापसाचं बोंड. वाळलं तरी तोंड उघडत नाही ते दुसऱ्या घरातलं: गहू, ज्वारी, सूर्यफूल. आणि ज्याचे तुकडे होतात, पण प्रत्येक तुकडा आपलं बी मुठीत धरून बसतो, ते तिसऱ्या घरातलं. तिसऱ्यासाठी मी धने आणते. पेरायच्या आधी धने जमिनीवर पसरून त्यावरून चप्पल फिरवतात हे आमच्याकडच्या निम्म्या मुलांनी घरी पाहिलेलं असतं. ते कशासाठी, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. धना हे बी नाही, फळ आहे, आणि चपलेखाली त्याच्या दोन फाका होतात. गव्हाचा दाणाही अख्खं फळच आहे म्हटलं की त्या दिवशी डब्यातल्या पोळीकडे सगळे संशयाने बघतात.

मग मी डबा काढते आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावते. ही माझी युक्ती आहे, पुस्तकात नाही. एकेक फळ मी हलवते आणि ते वाजतं का ते मुलांनी सांगायचं. फळाच्या सालीपासून बी सुटलं असेल तर ते आत खुळखुळतं. शिरीषाची चपटी शेंग वाजते, गुलमोहराची वाजते, खुळखुळा नावाच्या रानझाडाची फुगीर शेंग तर नावाप्रमाणेच वाजते. गहू कितीही हलवा, गप्प. कारण गव्हाची साल आणि बीची साल एकमेकींना अशी चिकटलेली असते की आत हलायला जागाच नाही. सगळ्यात मजेशीर सूर्यफूल. त्याची ती काळी-पांढरी 'बी' म्हणजे फळ, आणि आतला गर सालीला एकाच ठिकाणी धरलेला. चांगली वाळलेली असेल आणि कानाशी नेऊन हलवली तर अगदी जेमतेम वाजते. वर्गात दोघाचौघांनाच ते ऐकू यायचं. मला तर यायचंच, आणि त्याचा मला गर्व होता.

ही युक्ती मुळात माझ्या बाबांची. ते धामणगावला शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी. रबीला थोडा जवस असायचा. तो कापायला आला की नाही हे ते बघून ठरवत नसत. वाकून मूठभर झाडं धरायची, कानाशी नेऊन हलवायची. बोंडं वाजली की विळा. मलाही वाकवायचे. 'वाजून राहिला का?' विचारायचे. मी आधी 'हो' म्हणायचे आणि मग ऐकायचे. बाबांना ते कळायचं, आणि ते मला पुन्हा वाकवायचे. जवसाचा आवाज मी असा शिकले. बाबा गेले, शेत भावाकडे गेलं, जवस कुणी पेरेनासं झालं. डब्यातली चार बोंडं मी दरवर्षी कुठून तरी मिळवून भरते.

यंदा फेब्रुवारीतल्या प्रात्यक्षिकाला मी जवसाचं बोंड उचललं, कानाशी नेलं, हलवलं. काही नाही. दुसरं घेतलं. तेही गप्प. मी वर्गाला म्हटलं, "पाहा, बोंड असूनही हे वाजत नाही. डब्याला ओल लागली असणार. ओल लागली की साल मऊ पडते."

पुढच्या बाकावर मूर्तिजापूरकडून येणारी एक मुलगी बसते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "मॅडम, वाजून राहिलं नं ते."

"कुठे वाजतंय?"

"आताच. तुमच्या हातात."

"मग तूच ये इकडे शिकवायला," मी म्हटलं. मुलगी खाली बघू लागली. वर्ग शांत झाला. त्या शांततेत कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण खिडकीजवळच्या दोघी हसल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. अंगावर काटा आला तो तेव्हा.

त्याचं कारण आमचेच एक सर. आता ते निवृत्त आहेत. शेवटच्या वर्षांत त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते कबूल करत नव्हते. पोरं नुसते ओठ हलवून प्रश्न विचारायची आणि सर 'हो, हो, बरोबर' म्हणायचे. आम्ही स्टाफरूममध्ये हळहळायचो, पण हसायचोही. बाकी काही चालेल, आपल्यावर ही वेळ येऊ नये, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. मला शिकवायचं आहे. वर्गात उभं राहणं ही एकच गोष्ट मला नीट येते, आणि ती अशी जावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी ओलीवर अडून बसले. फेब्रुवारीत, अकोल्यात, ओल! आमच्याकडे त्या दिवसांत ओठसुद्धा फुटतात. तरी मी डबा घरी आणला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी हलवून बघितला, गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. आमचे हे संत्रं सोलत बघत होते. हे शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले, बँकेतून निवृत्त झालेले. ज्याला रस नाही ते फळच नाही असं त्यांचं ठाम मत आहे. "ज्यातून रस निघत नाही त्याले फळ काहून म्हनाचं?" असं ते लग्नापासून मला विचारत आलेत. निवृत्तीनंतर मात्र ते फार अबोल झाले होते. पुरुषांचं असं होतं, नोकरी सुटली की ते मिटतात, असं मी मैत्रिणींना समजावून सांगत असे.

"तुमी एक काम करा," मी त्यांना म्हटलं. "मी पाठ करून बसते. तुमी डब्यातलं एकेक काढा अन् हलवा. वाजलं की मी हात वर करते."

"हे काय नवीन?"

"हलवा तर."

मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून खुर्ची टाकली. मागे बहाव्याची लांब शेंग ठकठकली, हात वर. गुलमोहर, हात वर. शिरीष, हात वर. खुळखुळा जरा लांबून आल्यासारखा वाटला, पण आला. मग बराच वेळ काहीच नाही. कुठेतरी ऑटोचा हॉर्न वाजला. मला वाटलं, हे पुन्हा संत्रं खात बसले.

"हलवा नं," मी म्हटलं.

"हलवून राहिलो."

"कोनतं?"

"ते बारकं, गोल. तुह्या बाबाचं."

मी वळले नाही. टाकीवर पांढऱ्या रंगाचे ओघळ होते, तेच बघत राहिले. जवसाचा आवाज माझ्या पाठीमागे चालू होता आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हता. फार वाईट वाटलं. बाबांनी दिलेलं काही हरवलं तर ते घर, शेत, घड्याळ असं काहीतरी असेल असं आपण धरून चालतो. हे असंही हरवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पण मी मास्तराची मुलगी आहे आणि स्वतःही मास्तरीण. थोड्या वेळाने रडू मागे पडलं आणि डोकं चालू लागलं. मोठे आवाज येतात, हळू नाही, असं आहे का? की जाड येतात, बारीक नाही? मी घरातून कापूस आणला. आधी डाव्या कानात बोळा कोंबला आणि ह्यांना पुन्हा पहिल्यापासून हलवायला लावलं. मग उजव्या कानात. खुळखुळा फक्त उजव्या कानाला ऐकू येत होता. शिरीष दोन्हींना, पण डावीकडे त्याची नुसती धडधड यायची, टोक नाही. मी खुर्चीतून उठून सांगू लागले की बघा, मोठ्या बियांचे आवाज जाड, लहान बियांचे बारीक, आणि माझं बारकंच गेलं आहे, डावीकडे जास्त. फळांची अशी वर्गवारी आजवर कुणी केली नसेल. मला खरंच आनंद झाला होता, याची आता गंमत वाटते.

ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "डाव्या कानाचं मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुले त्या बाजूनं कमी येते ते."

मग मला आठवलं. जेवायच्या टेबलाशी ह्यांनी मागच्या वर्षी जागा बदलली होती. इकडे पंख्याचा वारा बरा लागतो म्हणाले होते. फिरायला गेलो की रस्ता ओलांडल्यावर ते वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येत. मला वाटे, गाड्यांपासून मला वाचवतात. एवढ्या जुन्या संसारातही हे आपल्याला जपतात म्हणून मी मनातल्या मनात खूश व्हायचे. जपत होतेच, पण वेगळ्या कारणाने.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू चिडशीन म्हनून."

"मी काहून चिडीन?" मी म्हटलं, आणि ते ज्या आवाजात म्हटलं तो ऐकून हे हसले. मला हसू यायला वेळ लागला.

नंतर ते माझ्या उजव्या बाजूला येऊन म्हणाले, "मी काही बोललो का तू 'काय' म्हनते. पुन्हा बोललो का पुन्हा 'काय'. मंग राहूनच जाते. ओरडून सांगाच्या लायकीचं काही नसते माह्याजवळ." एवढं बोलून त्यांनी संत्र्याची सालं गोळा केली आणि खाली गेले. मी गच्चीवर एकटी बसले. मैत्रिणींना सांगितलेलं सगळं आठवत होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे मी अकोल्यात गेले नाही. इथल्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर माझा एखादा विद्यार्थी बसलेला असतोच. म्हणून आम्ही दोघं रेल्वेने अमरावतीला गेलो. तिथे पहिल्या फेरीलाच समोरून 'नमस्कार मॅडम' असं मोठ्याने ऐकू आलं. माझीच जुनी विद्यार्थिनी आपल्या सासऱ्यांना घेऊन आली होती. ह्यांनी तोंडावर रुमाल धरला.

तपासणीसाठी एका बंद खोलीत बसवतात, कानांवर जाड फोन चढवतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. मला हे माझ्या प्रात्यक्षिकासारखंच वाटलं, फक्त या वेळी डोळे मी मिटले होते. काही ऐकू येत नसताना दाबायचा मोह फार होतो. शेतात आधी 'हो' म्हणणारी मी तशीच आहे. पण बाबांनी पुन्हा वाकवलं असतं, हे आठवून मी प्रामाणिकपणे बसले. तपासणाऱ्या मुलीने नंतर कागदावरची रेघ दाखवली. कागदाच्या डाव्या टोकाला ती वर होती आणि उजव्या टोकाकडे उतरत उतरत खाली गेली होती. हे डावं-उजवं कानांचं नाही, कागदाचं; डाव्या टोकाला जाड आवाज, उजव्या टोकाला बारीक, ती म्हणाली. बोलण्यातले स, श, फ असे आवाज या उतारावर हरवतात, म्हणून माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं.

"म्हणजे गुलमोहर इथे आणि जवस इथे," मी रेघेवर बोट ठेवून म्हटलं. तिला काही कळेना. मी पिशवीतून सोबत आणलेला डबा काढला. ती बिचारी दहा माणसं बाहेर खोळंबलेली असताना माझी फळं हलवून बघत बसली. सूर्यफूल तिने कानाशी नेलं, भुवया वर केल्या आणि मान डोलावली. मला तिचा हेवा वाटला.

यंत्र दोन्ही कानांना घ्यावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. मी 'विचार करून सांगते' म्हणाले. विचार कसला, मी घाबरले होते. परतीच्या गाडीत मी ह्यांना त्या सरांची गोष्ट सांगितली. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याहिनं यंत्र लावलं होतं का?" नव्हतं लावलं. "मंग पोरं कशाले हसत होते, कानाले का 'हो हो'ले?" बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी तोच प्रश्न डोक्यात फिरत होता. पुढच्या फेरीला आम्ही यंत्र घेऊन आलो.

पहिले दोन दिवस भयंकर गेले. प्लास्टिकची पिशवी, कुकर, स्वतःच्या बांगड्या, सगळंच अंगावर धावून येत होतं. मी पोळी चावताना मलाच एवढा आवाज ऐकू आला की मी घास तसाच धरून बसले. हे म्हणाले, "आता समजलं आमी काय सहन करून राहिलो ते." मी यंत्र काढून फेकणार होते. ते महाग असतं म्हणून नाही फेकलं.

परीक्षेआधीच्या उजळणीच्या तासाला मी केस मुद्दाम मागे घट्ट बांधले, यंत्र दिसेल असे. फळ्यासमोर उभी राहून म्हटलं, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून हे लावलं आहे. मागच्या वेळी बोंड वाजत होतं, मी नव्हते ऐकत. आता तोंड उघडून बोला आणि ओठ हलवायचे प्रयोग घरी करा." कुणी हसलं नाही. मूर्तिजापूरच्या मुलीला मी पुढे बोलावलं आणि जवसाचं बोंड तिच्या हातात दिलं. तिने माझ्या कानाशी हलवलं. वाजलं. बाबांच्या जवसासारखं नाही, पत्र्यावर वाळू सांडावी तसं काहीतरी कोरडं, खरखरीत. पण वाजलं. मी तिला म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा हलवलं.

सूर्यफूल मात्र यंत्रातूनही आलं नाही. मी कान बदलला, मान तिरकी केली. नाही. "तुला येतंय?" मी तिला विचारलं.

"थोडंसं, मॅडम."

"कसं येतंय ते सांग."

तिने फळ पुन्हा कानाशी हलवलं. मग म्हणाली, "कोनी लांबून दाताखाली तीळ फोडल्यावानी." दुसरी म्हणाली, नाही, घड्याळासारखं, पण मऊ. मागच्या बाकावरच्याला वाटलं काहीच वाजत नाही, या दोघी बनवतायत. मग सगळा वर्ग सूर्यफुलाचं एकेक फळ कानाशी धरून भांडायला लागला आणि तास संपला तरी कुणी उठेना. मी बराच वेळ नुसती ऐकत बसले होते. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कोण काय बोलतंय ते मला कळत होतं.

घरी आले तेव्हा दमून गेले होते. स्वयंपाकघराबाहेरच्या खुर्चीत चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले. हे आत ओट्याशी उभे होते, पाठमोरे, माझ्या डाव्या अंगाला. दार अर्धंच उघडं होतं. आणि मला ऐकू आलं की हे बोलतायत. कुणाशी नाही, स्वतःशीच, खालच्या आवाजात, जसं रोजच बोलत असावेत.

"दूध तं पुरते... हिले विचारू का? नको, तपासून राहिली ते. अर्धा कप टाकून ठेवतो..."

हे अबोल झालेच नव्हते. मी हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवली.

"पाऊण टाका," मी म्हटलं.

आतला आवाज थांबला. चहापत्तीचा डबा हातात धरून हे तसेच उभे होते. मग न वळता आणि आवाज जराही न चढवता, त्यांनी विचारलं, "साखर?"